समुपदेशनाचं पॅकेज बंद करा, तो पैसा ऑनकॉलच्या रोस्टरवर घाला

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन. हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत हिरव्या रिबिनी लागतात, दुपारी साडेतीनला 'दीर्घ श्वास घ्या'चा वेबिनार होतो आणि त्याच टीमचं रात्री साडेअकराला डिप्लॉयमेंट (नवं सॉफ्टवेअर चालू करायचं काम) असतं. कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी विकत घेतात ती ध्यानाची ॲप्स आणि समुपदेशनाची वार्षिक पॅकेजेस बंद करावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ॲप्स आणि ताण-व्यवस्थापनाचे वर्ग घेणारे आणि न घेणारे यांच्यात फायदा म्हणावा असा फरक दिसला नाही. अपवाद फक्त स्वयंसेवी कामाचा.

आता रोस्टर बघा, म्हणजे रात्री-बेरात्री सिस्टीम बिघडली तर कोणी उठायचं (ऑनकॉल) याचं वेळापत्रक. चौघांच्या टीमला आठवड्याची पाळी लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातले १३ आठवडे येतात. आठ जण असतील तर साडेसहा. म्हणून शेजारच्या दोन टीमचं ऑनकॉल एकत्र करा. मग अलर्टकडे, म्हणजे सिस्टीम आपोआप पाठवते त्या धोक्याच्या सूचनांकडे वळा. सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली म्हणून रात्री दोनला फोन वाजतो, माणूस लॅपटॉप उघडतो, 'सकाळी बघू' म्हणतो आणि चारपर्यंत छताकडे बघत पडतो. रात्री उठून हाताने काही करायचंच नसेल, तर तो अलर्ट फोनवर येताच कामा नये, टिकेटमध्ये (नंतर बघायच्या कामांच्या यादीत) जावा. डिस्कचा अलर्ट टक्क्यांवर नको, 'या वेगाने ४ तासांत भरेल' यावर लावा. सीपीयूवरचा भार मिनिटभर चढला की बोंब मारणारे अलर्ट सलग १० मिनिटांवर न्या. महिन्यातून एकदा रात्री ११ ते सकाळी ७ मधले सगळे अलर्ट काढून प्रत्येकापुढे 'उठून काय केलं' ते लिहा. 'काही नाही' वाले त्याच बैठकीत उडवा.

आणि रात्री १२ ते ५ मध्ये उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी हजेरी दुपारी १२ पासून, आपोआप. मॅनेजरला विचारायची अट ठेवली की कोणी विचारत नाही.

सावली

रोस्टरचं पटलं. पॅकेज बंद करण्याचं अजिबात नाही.

फ्लेमिंग यांचा अभ्यास एका वेळी घेतलेल्या माहितीवर आहे, त्याच माणसांचं आधी-नंतर मोजमाप त्यात नाही. ज्याला जास्त त्रास होतो तोच मदत शोधतो, मग 'मदत घेणारे' बरे कसे दिसतील? शिवाय रोस्टर कितीही सुधारा, नैराश्याला औषध आणि उपचार लागतातच. घरातलं आजारपण, कर्जाचे हप्ते हे कुठल्या रोस्टरमध्ये दिसतात?

पॅकेज वाया जातं ते मांडणीमुळे. समुपदेशकाची वेळ घ्यायला कंपनीच्याच लॉगिनने आत शिरावं लागतं, तिथेच लोक माघारी फिरतात. नुसता कंपनीचा कोड सांगून स्वतःच्या फोनवरून वेळ मिळायला हवी. वेळा १० ते ६ असतात, म्हणजे त्याच वेळेत काम करणाऱ्याला अर्ध्या कामातून उठावं लागतं. सकाळी ८ ते १० आणि शनिवार करारातच लिहून घ्या. मराठीत बोलणारा समुपदेशक मागा, सासू-सुनेचं इंग्रजीत सांगताना निम्मं सांगायचं राहून जातं. एचआरकडे जाणाऱ्या अहवालात १० पेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे दाखवू नयेत. सहा जणांच्या टीममधले 'दोन' कोण, हे चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत कळतं.

आणखी एक चूक उत्साहाने केली जाते: सगळ्या कर्मचाऱ्यांना पीएचक्यू-९ पाठवणे. ती नैराश्याची ९ प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते २७, १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. नववा प्रश्न जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला 'जवळजवळ रोज' असं उत्तर शुक्रवारी संध्याकाळी आलं आणि ते सोमवारी कुणीतरी एक्सेलमध्ये वाचलं, तर? त्याच दिवशी फोन करणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर ही चाचणी वाटू नका. कामाचा ताण मोजायचा असेल तर एचएसई या ब्रिटनमधल्या कामाच्या ठिकाणचं आरोग्य आणि सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची ३५ प्रश्नांची यादी आहे. ती बोजा, कामावरचा ताबा, आधार, नातेसंबंध, भूमिका आणि बदल यांबद्दल विचारते, आजाराबद्दल नाही.

घड्याळजी

दोघांनाही परदेशातला क्लायंट दिसत नाहीये. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेसात. कॅलिफोर्निया असेल तर साडेनऊ, मग साडेदहा. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क दिला, आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं. ते जसंच्या तसं लागू केलं तर प्रोजेक्ट फिलिपिन्सला जाईल.

दोन टीमचं ऑनकॉल एकत्र करणं कागदावर छान. ज्याने ती सर्व्हिस कधी उघडलेली नाही, तो रात्री दोनला जुन्याच माणसाला उठवणार. आता एकाऐवजी दोघं जागे. आधी रनबुक (बिघाड झाला तर काय काय करायचं याची लेखी यादी) लिहायचं, मग चार-सहा आठवडे नवा माणूस जुन्याच्या जोडीला ठेवायचा, आणि तेवढे दिवस नव्या फीचरचं काम कमी घ्यायचं. हे शेवटचं कुणी करत नाही, म्हणून योजना फसते.

कलमदान

घड्याळजी, क्लायंटच्या आधी कायदा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास होते, वरच्या वेळेला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ९ चे १० करायला मंजुरी दिली, पण दुप्पट दर काही गेला नाही. पळवाट पदनामात आहे: व्यवस्थापकीय आणि गोपनीय पदांना हा कायदा लागत नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी प्रत्येक जण 'लीड'.

दुसरी पळवाट टाइमशीटमध्ये. रकान्यात ८ च्या वर आकडा टाकला की सिस्टीम लाल होते आणि सबमिट होत नाही. त्यामुळे वर्षाअखेरीस नोंदीत कुणीच जास्त काम केलेलं नसतं. तो ८ चा अडसर काढा. बिलिंगचे (क्लायंटला लावायचे) तास आणि खरे तास असे दोन रकाने ठेवा. आयटी विभागाला अर्ध्या दिवसाचं काम.

विम्याचंही बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचाही विमा द्यायला सांगितलं. पण कंपनीची ग्रुप पॉलिसी मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरचा खर्च देते. मानसोपचारतज्ज्ञाची फी आणि दर महिन्याच्या गोळ्या ओपीडीत जातात. नूतनीकरणाच्या वेळी ओपीडीचं कलम मागितलं नाही तर 'मानसिक आजार समाविष्ट' ही ओळ शोभेला.

तिसरी_पाळी

@सावली, फोन आणि वेळांचं मान्य. पण मराठीत बोलायचं तर सरकारची १४४१६ ही टेलि-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे. लिफ्टमध्ये तो नंबर लावा, पॅकेजचे पैसे ऑनकॉल भत्त्यात घाला.

@घड्याळजी, जोडीने बसवण्याचे आठवडे धरले नाहीत, ही माझी चूक. नोव्हेंबरचं मात्र तुम्हीच सांगितलंत. घड्याळ कधी बदलणार हे वर्षभर आधी माहीत असतं, संध्याकाळचं काम तासाने पुढे जातं, तरी सकाळचा ११ चा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) तिथेच राहतो. तो त्या सोमवारपासून १२ ला नेता येत नाही का?

घड्याळजी

येतो. मात्र मग जेवणाची सुट्टी हलवावी लागते, आणि कॅन्टीन अडीचला बंद होतं. हसू नका, दोनदा याच कारणावरून अडलेलं आहे.

सावली

हेल्पलाइन तातडीच्या आधाराला उत्तम. त्याच समुपदेशकाकडे सलग सहा-आठ सत्रं, हे वेगळं काम आहे.

भत्त्याबद्दल सावध राहा. भत्ता वाढला की घराचा हप्ता असलेला पोरगा दुसऱ्यांचे आठवडे मागून घेतो, आणि गणपती-दिवाळीत तर सगळे त्याच्याकडेच येतात. रोस्टरमध्ये अदलाबदल दिसते, बेरीज दिसत नाही. कुणालाही सलग दोन आठवडे आणि तिमाहीत तीनपेक्षा जास्त आठवडे घेता येऊ नयेत, ही अट सिस्टीममध्येच घाला. नाहीतर ज्याला झोपेची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचीच झोप तुम्ही विकत घ्याल.