स्थळाच्या चौकशीत खरं सांगितलं तर ती गीबत (पाठीमागे केलेली निंदा) होते का?

खाडीपट्टा
अस्सलामु अलैकुम सगळ्यांना. चार दिवस झोप नाहीये, जरा कुणीतरी समजावून सांगा. आमच्या बाजूच्या मोहल्ल्यातला एक मुलगा आणि मी दुबईला एकाच रूमवर राहायचो, आता त्याचं लग्न जमतंय आणि मुलीच्या मामूंचा मला फोन, की तू त्याच्याबरोबर राहिलायस तर मुलगा कसा आहे ते खरं सांग. मुलगा नमाजी आहे, बोलायला गोड, पण रूमवरच्या तिघांकडून उसने पैसे घेतले आणि मागितले की अंगावर यायचा, आणि भाजीत मीठ जास्त पडलं एवढ्यावरून मेसमधल्या पोराच्या कानाखाली मारलेली, माझ्या डोळ्यांसमोर. मामूंना म्हटलं नंतर बोलतो. आई म्हणते कुणाचं जमलेलं मोडायचं पाप घेऊ नकोस, जो मुसलमानाचा ऐब, म्हणजे दोष, झाकतो त्याचा ऐब अल्लाह कयामतला झाकेल. हदीस आहेच ती, पैगंबरांचं वचन, मलाही माहितीय. पण उद्या त्याने त्या मुलीवर हात उचलला तर मी काय तोंड दाखवू? आणि बोललो तर गीबत, म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. नक्की करायचं काय?

मिऱ्याबंदर
वालैकुम अस्सलाम भाई. तुम्हाला एवढी भीती वाटते हीच चांगली गोष्ट आहे, तकवा, अल्लाहचं भय, असाच असतो, नाहीतर आपल्याकडे चहाच्या कपाबरोबर दहा लोकांची अब्रू निघते आणि कुणाला काही वाटत नाही. मेलेल्या भावाच्या मांसाची आयत सूरह हुजुरातमधली, ४९:१२. आणि खरं बोललो म्हणजे गीबत नाही असंही नाही, हुजूरांना, म्हणजे पैगंबरांना, विचारलं गेलं की तो दोष त्याच्यात खरोखर असेल तर? तर फरमावलं, असेल तरच ती गीबत, नसेल तर तोहमत, खोटा आळ. सहीह मुस्लिम या हदीसच्या किताबात आहे.

पण तुमचा मामला वेगळा आहे. हुजूरांच्या काळातल्या फातिमा बिन्त कैस यांचा तलाक झाला, इद्दत म्हणजे तलाकनंतर थांबायची मुदत संपली, आणि त्यांनी हुजूरांना सांगितलं की मुआविया आणि अबू जहम या दोघांकडून मागणी आलीय. त्यावर हुजूर म्हणाले, अबू जहम खांद्यावरून काठी खाली ठेवत नाही (म्हणजे मारकुटा आहे), आणि मुआवियाकडे काही मालमत्ता नाही, तू उसामाशी निकाह कर. बघा, नाव घेऊन सांगितलं, आणि ते मुआविया म्हणजे पुढे खलिफा झाले तेच. फातिमाबाईंना आधी उसामा पसंत नव्हते, पण निकाह झाल्यावर त्या स्वतःच सांगतात की अल्लाहने त्यात एवढी बरकत दिली की लोक हेवा करायला लागले.

आपण कोकणातले बहुतेक शाफई मजहबचे, म्हणजे शाफई पंथाचे, आणि मोठे आलिम इमाम नववी आपल्याच मजहबचे, १२७७ साली गेले. त्यांनी रियाजुस्सालिहीन या किताबात गीबत कुठे जायज होते अशी सहा कारणं दिलीत, जुलमाची फिर्याद करताना, फतवा विचारताना वगैरे, आणि त्यात निकाहबद्दल कुणी सल्ला विचारला तर हे सरळ लिहिलंय. विचारल्यावर लपवायचं नाही. आईचं चुकीचं नाही, ऐब झाकणं मोठी नेकी आहे, पण त्यात तिसऱ्याचं नुकसान होत नसेल तिथे.

एक_बहीण
मी मुलीच्या बाजूने बोलते. आमच्या घरात एका मुलीच्या वेळी चौकशी केली तर सगळ्यांनी "चांगला आहे, नमाजी आहे" एवढंच सांगितलं, आणि लग्नानंतर कळलं की निम्म्या लोकांना सगळं माहीत होतं. गप्प बसून त्यांनी कुणाची अब्रू वाचवली हो, आमची मुलगी दोन वर्षं मार खात होती. आणि नमाजी आहे म्हणून भागत नाही. हजरत उमर यांच्यासमोर एकाने दुसऱ्याची ग्वाही दिली की भला माणूस आहे, तर त्यांनी विचारलं तू त्याचा शेजारी आहेस का? नाही. त्याच्याबरोबर प्रवास केलास? नाही. दीनार-दिरहमचा व्यवहार केलास? नाही. मग मशिदीत त्याला मान वरखाली करताना पाहिलं असशील, तू त्याला ओळखत नाहीस. तुम्ही तर त्याच्याबरोबर राहिलात, पैशाचा व्यवहार पण पाहिलात, तुमच्याशिवाय सांगणार कोण?

हिशेब
बहीण म्हणतात ते पटलं, पण भाई, तोंड उघडायच्या आधी स्वतःची नियत तपासा. त्या तिघांत तुम्ही पण होतात का? तुमचे पैसे अडकलेत आणि त्याचा राग इथे निघतोय असं तर नाही ना? इमाम नववींनी तेच बजावलंय, की बोलणाऱ्याच्या मनात हसद, म्हणजे मत्सर, असतो आणि शैतान त्याला भासवतो की ही नसीहत, भल्याचा सल्ला, आहे. आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोला, कुणी सांगितलं असं म्हणून पुढे सरकवू नका, ऐकलं ते सगळं बोलत सुटणं एवढंच माणूस खोटा ठरायला पुरे, ही पण हदीसच आहे. अजून माहिती पाहिजे म्हणून आता त्याचं फेसबुक उकरत बसू नका, हुजुरातच्या त्याच आयतीत गीबतीच्या आधी टेहळणी हराम केलीय.

खाडीपट्टा
हो, माझे पण आहेत त्याच्याकडे, आणि राग आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून तर विचारलं. पण मेसमधलं ते पोर माझं कुणी लागत नव्हतं, त्याला मारलेलं अजून डोळ्यांसमोर येतं. म्हणजे ते सांगायचंच. पैशाचं सांगू की नको?

मिऱ्याबंदर
सांगा, व्यवहार कसा आहे हे बायकोला भोगावं लागतंच, फक्त तुमचेही अडकलेत हे आधी सांगा म्हणजे मामू ते धरूनच ऐकतील. बाकी उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, एक पायरी सांगितलीय, की "हे स्थळ तुमच्या मुलीला योग्य नाही" एवढ्यावर भागत असेल तर तिथेच थांबायचं, कारण विचारलं तरच पुढे. त्याची नमाज, गोड बोलणं, हे पण सांगा, ते पण खरंच आहे ना.

एक_बहीण
आणि फॅमिली ग्रुपवर व्हॉइस नोट टाकू नका हो, ती संध्याकाळपर्यंत कुवेतला पोचते. मामूंना प्रत्यक्ष भेटा नाहीतर एकट्याला फोन करा, आणि ही बात तुमच्याकडे अमानत आहे, बाहेर जाता कामा नये, हे स्पष्ट सांगा.

खाडीपट्टा
जजाकल्लाह. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर मामूंकडे जातो. आईला फातिमा बिन्त कैसची हदीस वाचून दाखवली, म्हणाली हुजूरांनी सांगितलंय तर जा, पण आवाज चढवू नकोस.