हबवर हल्ला झाला की नेटवर्क कोसळतं. लिंक न वाढवता मजबूत कसं करायचं?

प्रश्न
५,००० नोड (जाळ्यातले बिंदू), सरासरी डिग्री (एका नोडच्या लिंका) ४, स्केल-फ्री, म्हणजे थोड्या नोडांकडे खूप लिंका, बाकीच्यांकडे मोजक्या. चिठ्ठ्या टाकून अर्धे नोड काढले तरी मोठा तुकडा टिकतो. पण मोठ्या डिग्रीचे हब आधी काढले की वीसेक टक्क्यांतच सगळं विखुरतं. नवीन लिंक घालता येत नाहीत. आहेत त्याच लिंकांची अदलाबदल करून पाहिली, तर मजबुतीचा आकडा, म्हणजे आर (हब एकेक काढत जाताना सर्वात मोठा तुकडा सरासरी केवढा उरतो ते), ०.६१ आला. विश्वास ठेवावा का?

प्रतिसाद १
नका ठेवू. प्रत्येक नोड प्रत्येकाला जोडला तरी आर ०.५च्या वर जात नाही. बहुतेक दर टप्प्याला सर्वात मोठ्या तुकड्याला उरलेल्या नोडांनी भागताय. भागायचं मूळ ५,०००नेच, मग सगळ्या टप्प्यांची सरासरी.

हल्ल्याची यादीही एकदाच लावली नाहीत ना? हब गेला की शेजाऱ्यांची डिग्री घटते, म्हणून दर वेळी नव्याने मोजा. जुन्या यादीचा हल्ला मवाळ पडतो आणि नेटवर्क उगाच दणकट दिसतं.

प्रश्नकर्ता
भाजकच चुकला होता. पण एकेक आर काढायलाच फार वेळ जातोय.

प्रतिसाद २
डिग्री दर वेळी नव्याने मोजत काढण्याचा पूर्ण क्रम आधी ठरवून घ्या. मग उलटीकडून एकेक नोड परत घालत युनियन-फाइंडने (कोणता नोड कोणत्या तुकड्यात हे लक्षात ठेवणारी पद्धत) तुकडे जोडत या; दर टप्प्याला अख्खं जाळं धुंडाळावं लागत नाही.

अदलाबदल करताना अ-ब, क-ड या लिंका काढून अ-ड, क-ब करा. डिग्री कुणाचीच बदलत नाही. दुहेरी लिंक किंवा स्वतःलाच जोडलेला नोड होत असेल तर ती अदलाबदल सोडा. आर वाढला तरच ठेवा. मेख इथे आहे: डिग्री सारखी असेल तेव्हा कोण आधी जाणार, हे प्रत्येक नोडला एकदाच क्रमांक देऊन ठरवा. दर वेळी चिठ्ठ्या टाकल्यात, तर नशिबाने वाढलेला आर सुधारणा म्हणून स्वीकाराल.

हळूहळू जाळं कांद्यासारखं होतं, सारख्या डिग्रीचे नोड एकमेकांना धरून, थरावर थर. वरचे हब गेले तरी खालचा थर सुटत नाही.

प्रतिसाद ३
बिटवीननेसच्या (नोडमधून किती सर्वात जवळचे मार्ग जातात त्याच्या) क्रमानेही हल्ला करून बघा; डिग्रीपुरतं घोटलेलं जाळं तिथे उघडं पडू शकतं. केबल असतील तर एकाच चरातल्या दोन लिंका एकच धरा, खोदकामात दोन्ही एकदम तुटतात.

आणि हे जाळं दुसऱ्यावर अवलंबून आहे का? वीज गेली की संपर्क बंद, संपर्क बंद की वीजकेंद्रावरचा ताबा जातो. २००३च्या इटलीतल्या अंधारानंतर याच जोडीचा अभ्यास झाला. अशा जोडजाळ्यांत हबवाली रचना साध्या, कुठल्याही बिघाडानेही लवकर ढासळते. एकट्या जाळ्याच्या अगदी उलट.