मागे बसलेले दोघे
'ड्वेन ऑलमन गेला तिथेच ऑलमन ब्रदर्स बँड संपला, पुढे नुसतं नाव उरलं' असं एक मत वाचलं, ते निम्मंच पटलं. ड्वेन हा या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक. मार्च १९७१ चं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातलं रेकॉर्डिंग ऐकलं की उणीव कळतेच. सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तो तारांवरून फिरवायचा आणि गिटार अक्षरशः गळा काढायची. त्याच वर्षी ऑक्टोबरात जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात मोटरसायकल अपघातात तो गेला; वर्षभराने बेसवादक बेरी ओकलीही तसाच, तिथून हाकेच्या अंतरावर. दोघंही २४ वर्षांचे.

पण अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला अल्बम त्यानंतरचा, १९७३ चा! तेव्हा बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्सने गाडा ओढला. (पुढची भांडणं, फाटाफूट सोडून देऊ.)

आणि ते दोन ड्रमर? बुच ट्रक्स गाडी रेटणारा, जेमो जॅझच्या अंगाने मध्येच खोडी काढणारा. २८ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधल्या अखेरच्या कार्यक्रमातही हीच जोडी मागे होती, पुढे ड्वेनसारखीच स्लाइड गिटार (तारांवरून नळी फिरवून) वाजवत बुचचा पुतण्या डेरेक. कार्यक्रम मध्यरात्र उलटून संपला, म्हणजे २९ तारखेला. ड्वेन गेला तीच तारीख.