मदत हवी आहे: सर्वेक्षणाचे निष्कर्ष वस्तीतल्या बायकांपर्यंत कसे न्यायचे?

पाटीपेन्सिल, ऐरोली
नमस्कार. घाईत आहे, म्हणून थेट विचारते. आमच्या संस्थेने नवी मुंबईतल्या दिघा आणि तुर्भे स्टोअरच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन बायका आणि लहान मुलांची पाहणी केली. अहवाल झाला, इंग्रजीत आहे, पानोपानी तक्ते आहेत. देणगीदारांना मिळाला, त्यांचं काम भागलं. आता तो वस्तीत सांगायचा आहे, पालिकेला द्यायचा आहे आणि पेपरात आला तर हवाच आहे. दिघ्याला सरांनी प्रोजेक्टर लावून तक्ते दाखवले, तर बायका अर्ध्यातून उठल्या. पाणी यायची वेळ झाली होती. ज्यांनी दारात उभं राहून आमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, त्यांनाच काय निघालं ते कळलं नाही, हे मला सहन होत नाही. रविवारी तुर्भ्याला बैठक आहे. काय करू? "आधी विश्वास मिळवा" वगैरे नको, आमची तिथे जुनी ओळख आहे.

घणसोलीकर
सोपं आहे. कॅनव्हा अ‍ॅपवर इन्फोग्राफिक (आकड्यांचं चित्र) करा, मोठे आकडे, तीन रंग, मराठी फॉन्ट. त्याचाच एक मिनिटाचा व्हिडिओ करून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत टाका. आता प्रत्येक घरात फोन आहे, बैठक कशाला?

गोवंडी_बॅच
मी मोठ्या सर्वेक्षणांत फील्डवर काम केलं आहे, म्हणून आधी थोडं विचारतो. किती घरं? घरं निवडली कशी, की जे दार उघडं दिसलं तिथे गेलात? पाच वर्षांखालची मुलं किती? वजन-उंची स्वतः मोजलीत की आईला विचारलीत? दोन वर्षांखालच्या मुलांची लांबी झोपवून घेतली होती ना? जन्मतारीख कशावरून लिहिली? हे कळल्याशिवाय "कसं सांगायचं" याला उत्तर नाही, कारण काय सांगता येईल तेच ठरत नाही.

सुगरण_वाशी
बायकांना रक्तवाढीसाठी साधे उपाय सांगा. पालेभाजीवर लिंबू पिळायचं, मोड आलेली कडधान्यं, लोखंडी कढईत भाजी. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. माझ्याकडे हळिवाच्या लाडवाची कृती आहे, हवी तर देते.

पाटीपेन्सिल
ताई, आहाराबद्दल मी विचारलेलं नाही.
@गोवंडी_बॅच, हे सगळं अहवालात आहे हो. दोनशेच्या वर घरं, यादी करून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. पाच वर्षांखालची नव्वदेक मुलं. वजन-उंची आम्हीच घेतली, लहानांची झोपवून. तारीख लसीकरणाच्या कार्डावरून. रक्त तपासलं नाही. आणि आमच्याकडे गल्लीवार तक्ते आहेत, सर म्हणतात त्याचाच फ्लेक्स करून समाजमंदिरावर लावू. आता सांगा.

गोवंडी_बॅच
काम नीट झालंय, छान वाटलं. पण तो फ्लेक्स लावू नका. एका गल्लीत पाच वर्षांखालची सहा मुलं असतील आणि त्यातली दोन उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, तर ती दोन घरं कोणती हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत होतं. नाव छापलं नाही म्हणून नाव लपत नाही. दोन्ही वस्त्यांचे आकडे वेगळे सांगा, त्याहून खाली जाऊ नका.

दुसरं. नव्वद मुलांत समजा ३५ टक्के मुलं खुजी (वयाच्या मानाने उंची कमी) निघाली, तर खरा आकडा साधारण २५ ते ४५ च्या मधे कुठेही असू शकतो. तेव्हा "दिघ्यापेक्षा तुर्भ्यात तीन टक्के जास्त" अशी वाक्यं काढून टाका, त्यांना आधार नाही.

तिसरं, तुलना. राज्याचे आकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे घ्या. महाराष्ट्रातलं फील्डवर्क २०१९ मध्ये झालं. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची कमी ३५.२ टक्के, उंचीच्या मानाने वजन कमी २५.६ टक्के. दुसरा आकडा लक्षात ठेवा, देशात तो १९.३ आहे. ठाणे जिल्ह्याची पत्रिकाही (मुख्य आकड्यांचं छोटं पत्रक) मिळते, पण चौथ्या सर्वेक्षणातल्या ठाण्याशी ती ताडून बघू नका. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला तरी चौथ्या फेरीतले जिल्हे २०११ च्या जनगणनेप्रमाणे धरले होते. त्या ठाण्यात आता पालघरमध्ये असलेले जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुकेही आहेत.

रंगपट_कोपरी
तक्ते आणि टक्के ठेवा बाजूला. पथनाट्य! आमच्या चमूने लोकमान्य नगरात केलं, नुसती गर्दी. हडकलेलं मूल, रडणारी आई, बेफिकीर बाप असे तीन प्रसंग. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, माणूस हलतो.

अंगणवाडी_ताई, वागळे इस्टेट
दादा, तुमची कळकळ कळते, पण असलं नाटक मी माझ्या वस्तीत पाहिलंय. ज्या आईचं मूल बारीक आहे तिच्याकडे सगळ्यांनी वळून बघितलं. घरी सासूने तिलाच धरलं, "तुझ्यामुळे आपली शोभा झाली." पुढे दोन महिने ती वजनाला बाळ आणेना. तिला कामावर जायचं असतं, मूल मोठ्या बहिणीकडे ठेवून जाते, घरभाडं भरते. रडकी आई दाखवून तिच्यात काय बदल होणार?

रंगपट_कोपरी
ताई, सगळी नाटकं तशी नसतात. आम्ही संहिता बदलू शकतो. पण भावना जागी झाल्याशिवाय आकडे कोणाच्या डोक्यात शिरत नाहीत, यावर मी ठाम आहे.

अंगणवाडी_ताई, वागळे इस्टेट
शिरतात. मी दहा बांगड्या घेते, हिरव्या आणि लाल. बाईच्या हातात देते आणि सांगते, आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या दहा बायकांत पाचांपेक्षा जास्त जणींना रक्त कमी आहे (पाचव्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५४.२ टक्के आहे). पाच लाल बांगड्या तिनेच वेगळ्या करायच्या, मग पुढच्या बाईकडे द्यायच्या. कोणाकडे बोट जात नाही. बांगड्या फिरता फिरता बायका आपणच बोलायला लागतात. एक म्हणते, गोळ्यांनी मळमळतं म्हणून डब्यात पडून आहेत. दुसरी म्हणते, सगळ्यांचं झाल्यावर मी जेवते, भाजी उरत नाही. तुमच्या अहवालात "कारणे" म्हणून जे पान असेल, ते बायका स्वतः भरून देतात.

मुलांसाठी दंडाची पट्टी न्या, म्हणजे दंडाचा घेर मोजून मूल किती बारीक आहे ते रंगाने दाखवणारी. लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, पिवळा साडेबारापर्यंत, पुढे हिरवा. पण दंड सगळ्यांसमोर मोजू नका, पट्टी नुसती दाखवा. ज्यांना मोजून घ्यायचं असेल त्यांना बाजूला बसवा.

वेळेचं पण बघा. पाण्याच्या वेळेला नको, बाजारच्या दिवशी नको. सासवांना मुद्दाम बोलवा, जेवणाचं त्या ठरवतात. तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका.

ठाणे_बेलापूर_रोड
अवांतर: तुर्भे स्टोअरला पाणी नक्की किती वाजता येतं? आमच्याकडे रबाळ्याला महिनाभर दाब नाही. दिघा गाव स्टेशन झालं, माणसं वाढली, नळ तेवढेच.

घणसोलीकर
रबाळ्यालाच नाही, आमच्याकडे सोसायटीत टँकर चालू आहेत.
बाकी व्हिडिओ नको म्हणणाऱ्यांना विचारतो, बैठकीला येणार चाळीस बायका. उरलेल्यांचं काय?

पाटीपेन्सिल
पाण्याचा वेगळा धागा काढा ना, प्लीज.
@घणसोलीकर, फोन आहे, पण बऱ्याच घरांत तो नवऱ्याकडे असतो. हे आमच्याच पाहणीत दिसलं.

कायदेमित्र_ठाणे
कोणी विचारलं नाही म्हणून विचारते. त्या प्रश्नावलीत नवऱ्याच्या मारहाणीबद्दल प्रश्न होते का?

पाटीपेन्सिल
होते, शेवटच्या भागात. का?

कायदेमित्र_ठाणे
मग तो भाग वस्तीतल्या खुल्या बैठकीत एका शब्दानेही नको. राष्ट्रीय सर्वेक्षणात हे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. कारण उघड आहे, घरी कळलं तर तीच मार खाते. समाजमंदिराच्या दारात पुरुष उभे असतात. "आपल्या वस्तीत इतक्या बायकांनी सांगितलं" असं माइकवरून म्हणालात, की त्या रात्री घराघरांत "तू काय सांगितलंस?" सुरू होईल. हा भाग पालिकेला आणि महिला-बालविकास विभागाला लेखी द्या, दोन्ही वस्त्या एकत्र करून. बैठकीत सगळ्याच बायकांना महिलांच्या मदतीसाठीचा १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर द्या, कारण न सांगता, इतर माहितीच्या कागदावर छापून.

मुलांचे फोटो अहवालात असतील तर पालकांची लेखी संमती आहे का बघा. आईने वजन करू दिलं म्हणजे फोटो छापायला हो म्हटलं असं होत नाही.

पाटीपेन्सिल
हे खरंच डोक्यात नव्हतं. फ्लेक्सच्या मसुद्यात तो तक्ता आहे. आजच काढायला सांगते.

निवृत्त_वार्ताहर
पेपरचं मी सांगतो. वस्तीच्या आधी पेपरला देऊ नका. आपल्या घरचा आकडा बाईने सकाळी चहाबरोबर पेपरात वाचू नये. बैठक झाली की एक पानी टिपण द्या: कुठे, केव्हा, किती घरं, कशी निवडली, तीन निष्कर्ष, आणि पालिकेकडून नेमकं काय हवं. "फक्त दिघा आणि तुर्भे स्टोअरच्या पाहणी केलेल्या वस्त्या" हे पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर डेस्कवर "नवी मुंबईतील बालके कुपोषित" असा मथळा होतो आणि दुसऱ्या दिवशी पालिका तुमचं सगळंच खोडून काढते. मोठी सर्वेक्षणंही जाड अहवालाआधी पत्रिकाच काढतात. महाराष्ट्राची पत्रिका डिसेंबर २०२० मध्ये आली, सगळ्यांनी तीच वापरली.

सुगरण_वाशी
लाडवाची कृती व्यक्तिगत निरोपात पाठवली आहे.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, सुगरणताई तुमचेही. गल्लीवार फ्लेक्स रद्द, सर नाराज आहेत पण ऐकलं. रविवारी बांगड्या, पट्टी आणि तीनच गोष्टी. पेपर नंतर. आता शेवटचं: पालिकेत नेमकं कोणाला द्यायचं? मागे एका कार्यालयात दिलेला कागद कुठे गेला तेच कळलं नाही.

अंगणवाडी_ताई, वागळे इस्टेट
दोन ठिकाणी द्यायचं. लसीकरण, गरोदर बायका, गोळ्या हे वस्तीच्या नागरी आरोग्य केंद्रात, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने. मुलांचं वजन, आहार, अंगणवाडी हे पालिकेचं नाही, राज्याच्या महिला-बालविकासचं आहे. ते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्या आणि पर्यवेक्षिकेलाही एक प्रत. दोन्हीकडे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि रविवारी तिथल्या अंगणवाडीच्या सेविकेला आधी सांगा, तिला परस्पर कळायला नको.