दोन सुपरकॅप सिरीजमध्ये, बॅलन्सर असूनही वरचा सेल २.९ व्होल्टच्या पुढे

तांबडी_वायर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चार्जर किट असं आहे: १०० फॅरड, २.७ व्होल्टचे दोन सुपरकॅप (खूप मोठ्या कपॅसिटीचे कपॅसिटर, पुढे त्यांनाच सेल म्हणतो) सिरीजमध्ये, त्यांना चार्ज करायला दोन प्रीसेटवालं (करंट आणि व्होल्टेज ठरवायचे स्क्रू) एक्सएल ४०१५ चं सीसी-सीव्ही मॉड्यूल (आधी ठरावीक करंट, मग ठरावीक व्होल्टेज देणारं) आणि १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॅप्टर. प्रत्येक सेलवर बॅलन्सर आहे, म्हणजे सेल भरला की करंट बाजूने वळवणारं (बायपास) सर्किट. त्यात टीएल ४३१ (ठरलेल्या व्होल्टेजला चालू होणारी रेफरन्स चिप), बीडी १४० (पीएनपी ट्रान्झिस्टर) आणि ४.७ ओम ५ वॅटचा रेझिस्टर. हे व्होल्टेज ठरवणारा डिव्हायडर (दोन रेझिस्टरची जोडी) ६२० ओम आणि १० के, म्हणजे २.६५ व्होल्टला बायपास सुरू व्हायला हवा. मॉड्यूल ५.४ व्होल्ट आणि १ अँपिअरवर सेट केलंय.

चार्ज पूर्ण होताना वरच्या सेलवर २.९४ आणि खालच्यावर २.४६ व्होल्ट दिसतात, तरी बायपासचा रेझिस्टर जेमतेम कोमट. शिवाय ॲडॅप्टर काढल्यावरही मॉड्यूलवरचा एलईडी चालूच राहतो आणि सेल भराभर उतरतात. मॉड्यूलच्या जागी टीपी ४०५६ (लिथियम सेलचा चार्जर) लावलं तर भागेल का?

मिलीओम

आधी मॉड्यूल ५.४ वरून खाली आणा, बाकीचं मग. सिरीजमध्ये दोन्ही सेलमधून चार्ज सारखाच जातो, त्यामुळे ज्याची कपॅसिटी कमी त्याचं व्होल्टेज जास्त. तुमच्या आकड्यांवरून वरचा सेल १०० फॅरड धरला तर खालचा १२० च्या आसपास आहे. सेलमध्ये काही बिघाड नाही. सुपरकॅपचा टॉलरन्स (छापील कपॅसिटीपासूनचा फरक) ±२० टक्के किंवा −१०/+३० टक्के असणं नेहमीचंच. या जोडीला बॅलन्सर नसेल तर ५.० व्होल्टलासुद्धा वरचा सेल २.७३ वर जातो, ४.८ ला २.६२ वर.

आता बॅलन्सर. डिव्हायडरचं गणित बरोबर आहे, चूक टीएल ४३१ निवडण्यात आहे. पूर्ण चालू झालेल्या टीएल ४३१ चा कॅथोड (आउटपुटची पिन) साधारण २ व्होल्टच्या खाली जात नाही. सेल २.६५ वर, कॅथोड २ वर, म्हणजे बीडी १४० चा बेस-एमिटर आणि बेस रेझिस्टर दोघांना मिळून उरले ०.६५ व्होल्ट. अर्धा अँपिअर ओढायला एकट्या बेस-एमिटरलाच ०.७ ते ०.८ लागतात. ट्रान्झिस्टर नीट उघडतच नाही, म्हणून रेझिस्टर कोमट. नेटवर हे सर्किट इतक्या ठिकाणी उतरवलेलं आहे की किटमध्येही तसंच येतं.

त्याजागी टीएलव्ही ४३१ लावा. त्याचा रेफरन्स १.२४ व्होल्ट आहे आणि कॅथोड १ व्होल्टच्या आसपास उतरतो. डिव्हायडर वर ११.३ के, खाली १० के, दोन्ही १ टक्क्याचे, बायपास २.६४ व्होल्टला सुरू होईल. बेसला ६८ ओम आणि बेस-एमिटरमध्ये १ के. या १ के मुळे ट्रान्झिस्टर उंबरठ्याच्या आधीच गळायला लागत नाही. ४.७ ओम तसाच राहू द्या. पिनांचा क्रम मात्र डाटाशीटवरून पडताळा, एसओटी-२३ या छोट्या तीन पायांच्या पॅकेजमध्ये तो कंपनीगणिक बदलतो.

एवढं करूनही १ अँपिअरवर चार्ज कराल तर प्रश्न सुटणार नाही. ४.७ ओममधून जास्तीत जास्त ०.४८ अँपिअर बाजूला वळतो, उरलेला अर्धा अँपिअर भरलेल्या सेलमध्ये शिरतच राहतो. चार्जिंग करंट बायपासपेक्षा कमीच हवा, ०.४ अँपिअर ठेवा. आणि मॉड्यूलचं व्होल्टेज दोन्ही बायपासच्या बेरजेपेक्षा खाली हवं. इथे बेरीज ५.२८, म्हणून ५.२ सेट करा. वर ठेवलंत तर दोन्ही रेझिस्टर कायम तापत राहतील आणि चार्ज कधी संपणारच नाही.

शॉटकी_३ए

एलईडीचं कारण सांगतो. इनपुट काढलं की तुमच्या बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) मॉड्यूलमधल्या स्विचमधून करंट उलटा वाहतो: सुपरकॅप, कॉइल, स्विच आणि मग इनपुटची बाजू. मॉड्यूल स्वतःच सुपरकॅपवर चालू राहतं. इनपुट शॉर्ट झालं तर चिपचं काही खरं नाही. आउटपुटला सिरीजमध्ये १एन५८२२ (शॉटकी डायोड) टाका, डायोडवरची पट्टी सुपरकॅपच्या बाजूला.

इथे बरेच जण फसतात. ०.४ अँपिअरला डायोडवर साधारण ०.३ ते ०.३५ व्होल्ट पडतात, म्हणून मॉड्यूल तेवढं वर सेट करायचा मोह होतो. तसं करू नका. शेवटी करंट मिलीअँपिअरवर येतो तेव्हा ड्रॉपही कमी होतो आणि सुपरकॅप सेट केलेल्या व्होल्टेजच्या जवळ सरकत जातो. ५.२ लाच ठेवा. शेवटचा टप्पा रेंगाळेल, पण सेल सुरक्षित राहतील.

सेटिंगचा क्रम: सुपरकॅप सोडवून ठेवा, व्होल्टेज प्रीसेट फिरवून ५.२ आणा. मग करंट प्रीसेट अगदी खाली आणा, मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर थेट आउटपुटला लावा आणि हळूहळू ०.४ पर्यंत चढवा. हे प्रीसेट बऱ्याच फेऱ्यांचे असतात, दोन-चार फेऱ्यांत फरक दिसला नाही म्हणून जोरात फिरवू नका.

गणिती_पाना

टीपी ४०५६ बद्दल. सेल फुटणार नाहीत, कारण ते ४.२ व्होल्टला थांबतं. पण २.९ व्होल्टपर्यंत ते लिथियम सेल समजून फक्त एक दशांश करंट देतं. १ अँपिअरचं मॉड्यूल धरलं तर ५० फॅरडला (सिरीजमध्ये १०० चे दोन मिळून ५०) शून्यापासून २.९ वर यायला ५० × २.९ ÷ ०.१ = १४५० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. पुढचे १.३ व्होल्ट ६५ सेकंदांत. शिवाय ५ ऐवजी ४.२ व्होल्टवर थांबल्याने ऊर्जा ६२५ ज्यूलऐवजी ४४१ च मिळते. तुमचं मॉड्यूलच बरं.

तांबडी_वायर

टीएलव्ही ४३१ आणि डायोड लावतो. ०.४ अँपिअरवर किती वेळ धरायचा? आणि दुरुस्तीआधी सेल रिकामे कसे करायचे?

मिलीओम

वेळ म्हणजे ५० × ५ ÷ ०.४ = ६२५ सेकंद, साडेदहा मिनिटं, वर शेवटची रेंगाळ. कपॅसिटी तपासायची असेल तर याच चार्जमध्ये घड्याळ लावा: १ ते ३ व्होल्टच्या दरम्यान जोडी मिनिटाला साधारण ०.४८ व्होल्ट चढली पाहिजे. तुमचा खालचा सेल १२० चा असेल तर ०.४४ दिसेल.

रिकामं करायला १० ओम ५ वॅटचा रेझिस्टर. सुरुवातीला अर्धा अँपिअर, अडीच वॅट. पाऊण तासात व्होल्टेज नगण्य होतं. जोडी रिकामी झाली की प्रत्येक सेल वेगळा मोजा: कपॅसिटी वेगळी असल्यामुळे एक सेल उलटा चार्ज झालेला सापडू शकतो. तसं दिसलं तर तोच रेझिस्टर त्या एकट्या सेलवर लावून शून्यावर आणा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून कधीही रिकामं करू नका, आतला रोध मिलीओममध्ये असल्यामुळे शेकडो अँपिअर वाहतात आणि टोक वितळून चिकटतं. काम करताना अंगठी, घड्याळ काढा. पॅक आणि लोडच्या मध्ये फ्यूज हवाच.

वरचा सेल २.९४ वर जाऊन आलाय. त्याचं टोपण फुगलंय का, व्हेंटपाशी ओल किंवा वास आहे का ते पाहा. बऱ्याच सेलमध्ये ॲसिटोनायट्राइल असतं, ते ज्वालाग्राही आणि विषारी आहे. असं काही दिसलं तर तो सेल वापरू नका, खिडकी उघडी ठेवून काढा आणि शक्यतो कपॅसिटी मोजून जुळणारी नवी जोडीच बसवा.