माणसांचा अभ्यास करणारे हवेत कोणाला?

गंगाघाटकर: आजीला जे ठाऊक असते तेच इंग्रजीत लिहून पदवी घेणारा तो मानववंशशास्त्रज्ञ, असे काल येथे कोणीतरी लिहिले आणि त्यावर सगळे हसले. मला ते लागले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन्ही बाजूंत फरक अधिक, म्हणून त्यांची बुद्धी अधिक, असे गुरूंचे गृहीतक होते. मोजमापांतून तसे काहीही निघत नाही, असे बाईंनी त्यांच्याच हाताखालच्या प्रबंधात लिहिले. हे कोणत्या आजीला ठाऊक होते?

सुरगाणेकर: बाईंना नमस्कार, परंतु त्यांच्या पुण्याईवर बाकीच्यांनी किती दिवस जगायचे? १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ली यांनी नाकांच्या मापांवरून जातींची प्रतवारी लावली, तीही याच शास्त्राच्या नावाने. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात आमच्या पाड्यावर एक संशोधक आठ दिवस राहिला. आई नागलीची भाकरी थापत असे आणि तो पीठ किती, पाणी किती, हे वहीत टिपत असे. तव्यावरची पहिली भाकरी ती त्यालाच वाढी. त्याला पदवी मिळाली, आईला मात्र त्यातले एक पानही कोणी वाचून दाखवले नाही.

पंचवटीकर: वहीचाच विषय निघाला, तर नाशिकच्या रामकुंडावरील तीर्थपुरोहितांच्या नामावळ्या, म्हणजे यजमान घराण्यांच्या नावांच्या वह्या, पाहा. वडिलांच्या दशक्रियेला गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारून चोपडी उघडली, तेव्हा पणजोबांची मोडीतली सही समोर आली. ही वही गाव सोडून जात नाही.

गंगाघाटकर: आमच्या पानावर आजीचे नाव नाही, तिच्या चारही मुलांची आहेत. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालते आणि उत्तरेत ते बहिणीशी लग्न का ठरते, हे त्या चोपडीतून कळत नाही. त्यासाठी बाईंना देशभर हिंडून नात्यांचे शब्द गोळा करावे लागले.

पंचवटीकर: पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नोंदींना असे हिणवणे मला सहन होत नाही. आईचे नाव मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, येऊन पाहा!

गंगाघाटकर: तुम्ही लिहिलेत, हे मान्य, मात्र ते लिहायला तुमची पिढी यावी लागली.

सुरगाणेकर: तुम्ही दोघे ज्या चोपडीसाठी भांडता, तिच्यात आमचा पाडा नाही. कर्वेबाईंसारखे कोणी आले तर अभ्यास व्हावा, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. भाकरी पुढच्यालाही मिळेल, पण लिहिलेले त्याने जाण्याआधी चुलीपाशी बसून आईला वाचून दाखवावे आणि ती जे चुकीचे म्हणेल ते तिच्यासमोरच खोडावे.