प्रतिसाद : दोन किर्लोस्कर, एक गाव

नाटकवाले किर्लोस्कर आणि पंपवाले किर्लोस्कर एकच असून नाटक मंडळी कारखान्याच्या पैशातून निघाली असावी, असे वर एका सदस्यांनी लिहिले आहे. त्यात काळाचा क्रम उलटा झाला आहे. अण्णासाहेब, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर (१८४३–१८८५), यांनी 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आणले ते १८८० साली, आणि तेव्हा उद्योगपती लक्ष्मणराव अवघे अकरा वर्षांचे होते. मात्र दोघांचाही जन्म बेळगाव भागातील गुर्लहोसूरचा, त्यामुळे हा घोळ होणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

लक्ष्मणरावांची सुरुवात बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाली. पुढे लोखंडी नांगर तयार झाला, पण लोखंडाने जमिनीत विष भिनेल या भीतीने शेतकरी तो घ्यायला बिचकत होते. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि कालांतराने जवळच्या कुंडल रोड स्थानकालाही तेच नाव मिळाले. आडनावावरून गाव ओळखण्याची आपली रीत. इथे आडनावावरूनच गाव झाले!

तिसरा धागा चर्चेत राहूनच गेला, तो मासिकांचा. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढले, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि त्यानंतर 'मनोहर' निघाले. आमच्या आजीच्या लेखी किर्लोस्कर म्हणजे 'स्त्री'च, पंप नव्हे.